रोजा असताना बिर्याणी: जीभ बंद, तर वजनकाटा काढा

प्रश्न असा आलाय: लग्नानंतरचा पहिलाच रमजान, सासर कोल्हापूरच्या सदर बाजारात, घरात आठ माणसं आणि आठांचाही रोजा. गेल्या शुक्रवारी इफ्तारनंतरच्या जेवणाला चिकन बिर्याणी केली. खाली चिकन करपलं, वरचा भात मधे टणक राहिला, मीठ कमी पडलं, आणि मगरिबची, म्हणजे रोजा सोडायच्या वेळची, अजान झाली तेव्हा पातेलं नुकतंच दमावर चढलेलं. "खाला, चवच बघता येत नाही, मग करायचं कसं?"

तू खाला, म्हणजे मावशी, म्हणालीस, तेव्हा मीही तुला तूच म्हणते. माझे अब्बा भटारी, म्हणजे पंगतींचा स्वयंपाक करणारे, होते. लग्न असो, बाळाचा अकीका असो की उरूस, आधी त्यांची डेग, म्हणजे मोठं पातेलं, निघायची आणि मागून आम्ही. मी स्वतः गेली पंचवीस वर्षं घरातूनच ऑर्डरी घेते. त्यातला रमजान सगळ्यात अवघड जातो. अकरा महिने ज्या जिभेवर धंदा चालतो, ती या महिन्यात दिवसभर बंद.

आधी मिठाचं सांगते, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे. एका वर्षी गल्लीत शंभरेक माणसांची इफ्तार होती. रांधायला मी आणि मामू, दोघांचाही रोजा. मामू असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजला गेले तेव्हा मी मसाल्यात मीठ घातलं. ते परत आले आणि त्यांनीही घातलं. एकमेकांना विचारलं कुणीच नाही. अजान झाली, खजूर झाले, ताटं वाढली आणि पहिल्याच घासाला समोरच्या माणसानं पाण्याचा तांब्या उचलला. त्या दिवशी आमची लाज शेजारच्या तीन घरांनी राखली. त्यांच्याकडचा बिनमिठाचा पांढरा भात पातेल्यासकट आणला आणि डेगेत कालवला. बिर्याणीचा पुलाव झाला, पण माणसं जेवून उठली. तेव्हापासून माझ्याकडे मीठ वजनकाट्यावर मोजलं जातं, आणि घातलं की मिठाची वाटी त्याच पातेल्याच्या झाकणावर पालथी पडते. पालथी वाटी दिसली की मग सासूबाई येवोत नाहीतर नणंद, कुणी मिठाला हात लावायचा नाही. तुमच्या घरात स्वयंपाकघरात तिघीजणी असणारच, तेव्हा ही सवय पहिल्या वर्षीच लावून घे.

आठ माणसांना सव्वा किलो चिकन आणि 800 ग्रॅम तांदूळ घे. एरवी मी एवढ्या माणसांना किलोभर तांदूळ धरते, पण इफ्तारला आधी खजूर, कलिंगड, भजी, सरबत पोटात गेलेलं असतं, भात कमी उठतो. चिकन, दही आणि तळलेला कांदा मिळून दीड किलोच्या पुढं माल होतो, त्याला 22 ग्रॅम मीठ. तांदूळ उकळायच्या पाण्याला लिटरमागं 18 ग्रॅम, म्हणजे चार लिटरला साधारण 70. हा आकडा ऐकून घाबरू नकोस, त्यातलं बहुतेक मीठ गाळलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातं. तुझी बिर्याणी अळणी झाली ती इथंच झाली असणार. मसाल्यात मीठ बरोबर होतं, पण भाताच्या पाण्यात चिमूटभरच पडलं. भातात जे मीठ उकळताना शिरत नाही ते नंतर वरून भुरभुरून शिरत नाही. आणि चमच्यावर विसंबू नकोस. खडेमीठ आणि बारीक मीठ एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाचं भरतं. हल्ली तीन-चारशे रुपयांत छोटा काटा मिळतो, तो घे.

जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर रोजा जात नाही असं सांगणारे आहेत. ते तू तुमच्या मौलानांना विचार, मी चुलीपुरतं बोलते. मला त्याचा भरवसा नाही, कारण दिवसभर कोरड पडलेल्या जिभेला मीठ नीट उमगत नाही. घरातल्या पोरांना चाखायला दिलं तर ती "छान आहे" एवढंच सांगतात. माझी तपासनीस शेजारच्या वाड्यातली वहिनी. तिला तिखटमिठाची अचूक जाण आहे आणि तोंडावर सांगायला ती भीत नाही. फक्त सोमवार असला की ती वाटही बंद, तिचा शंकराचा वार.

आता वेळ. तू पाच वाजता सुरुवात करून "कधी होईल तेव्हा होईल" असं गेलीस. इफ्तारच्या दिवशी गणित उलटं मांडायचं, अजानपासून मागं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळं घड्याळाचे आकडे पाठ करून उपयोग नाही. फेब्रुवारी-मार्चात कोल्हापुरात मगरिब साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान पडते, उन्हाळा चढला की सातच्या पुढं जाते. मोबाईलवर मुंबईची किंवा हैदराबादची वेळ बघू नकोस, आपल्या मशिदीचं छापील वेळापत्रक भिंतीवर लाव.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घे, सगळा डाव हिच्यावर आहे. अजान झाली की कुणी बिर्याणीवर झडप घालत नाही. खजूर, पाणी, दोन फोडी फळं, मग नमाज, मग जेवणाचं दस्तरखान पसरेपर्यंत अर्धा तास सहज जातो. दम झालेल्या बिर्याणीलाही झाकण न उघडता निवांत बसू द्यावंच लागतं, तेव्हाच वाफ दाण्यात मुरते आणि दाणा मोडत नाही. म्हणजे तिचं मुरणं आणि तुमची नमाज एकाच वेळी. गॅस अजानच्या दहा मिनिटं आधी बंद व्हायला हवा. त्याच्या पंचवीस मिनिटं आधी दम सुरू, त्याच्या पंधरा मिनिटं आधी तांदूळ उकळत्या पाण्यात, आणि अजानला साधारण दीड तास असताना चिकन चुलीवर. असरची नमाज पढून थेट स्वयंपाकघरात आलीस तर हे आरामात बसतं. शेवटची दहा मिनिटं हात मोकळे ठेव, त्या वेळी फळं चिरायची असतात आणि घरभर सगळे काही ना काही मागत असतात.

कच्ची बिर्याणी, म्हणजे मुरवलेलं कच्चं चिकन खाली आणि अर्धा भात वर, ही इफ्तारला करू नकोस. अब्बा करायचे ती खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि शेजारी रात्रभर बसलेला माणूस. घरच्या गॅसची ज्योत मधोमध लागते, कडेचं चिकन मागं राहतं. चिकन आतपर्यंत 74 अंशाला पोचलं पाहिजे, आणि कणकेनं लिंपलेल्या झाकणाआड काय चाललंय ते तुला दिसणार नाही. दिवसभराच्या उपाशी पोटी हाडाजवळ लाल राहिलेला तुकडा कुणाच्या ताटात गेला तर बिर्याणी बाजूला राहील आणि डॉक्टरकडं पळावं लागेल. चिकन आधी शिजवून घे.

कोंबडी ब्रॉयलरच आण. गावठीचा रस्सा चांगला, पण ती तासभर मऊ होत नाही. दुकानदाराला बिर्याणीचे तुकडे सांग, सोललेल्या सव्वा किलोचे बारा. रश्श्यासारखे बारीक केले तर ते दमात विरघळतात आणि वाढताना हाडंच वर येतात. दुपारच्या नमाजनंतर चिकन मुरवायला लाव आणि फ्रीजमध्ये ठेव. मार्चच्या उन्हात ओट्यावर तीन तास ठेवायची वस्तू नाही ती. दही पाव किलो, घट्ट, घुसळलेलं आणि आंबट नसलेलं. चाखता येत नाही, तर वास घे. रोज्यात नाक एवढं तिखट होतं की आंबूस दही हातभरावरून कळतं. आलं-लसणाची गोळी मोठ्या लिंबाएवढी, चार हिरव्या मिरच्या, मूठभर पुदिना, दोन मुठी कोथिंबीर, हळद, एका लिंबाचा रस. कच्ची पपई मटणाला, चिकनला नको. लावलीस तर तुकड्याचा लगदा होईल.

मसाल्यावर थोडं थांबते, कारण इथंच कोल्हापूरकर घसरतो. आपला हात आपोआप कांदा-लसूण चटणीच्या बरणीकडं जातो. जाऊ देऊ नकोस. त्या चटणीत सुकं खोबरं, तीळ, भाजलेला कांदा असतो. रश्श्यात तो जीव आहे, पण दमाच्या पातेल्यात हेच सगळं तळाशी बसतं आणि पहिलं करपतं. तुझ्या करपण्यामागं मला तीच दिसते, तू लिहिलंस ना, "दोन डाव चटणी घातली". वर तिचा लसूण एवढा बोलका की वेलदोडा, जायपत्री कुठल्या कुठं जातात. फारच वाटलं तर एक चहाचा चमचा, बस. रंगाला ब्याडगीचं तिखट दोन चमचे, तिखटपणाला संकेश्वरीचं एकच. बाहेरगावच्या हॉटेलांत 'कोल्हापुरी' म्हणजे नुसतं जाळ तिखट अशी समजूत आहे, ती आपण घरी खरी करून दाखवायची गरज नाही. तेरा-चौदा तासांच्या रिकाम्या पोटाला ते सोसतही नाही. अख्खा मसाला साधा ठेव: शहाजिरे, सहा वेलदोडे, सहा लवंगा, दोन बोटं दालचिनी, तमालपत्र, जायपत्रीची एक पाकळी. केशरी रंगाची पूड घरात आणूच नकोस. चार काड्या केशर कोमट दुधात भिजव, दूध म्हशीचं असलं की झालं.

कांदा अर्धा किलो, उभा, पातळ आणि एकसारखा चिरलेला. तळताना सगळ्यांची एकच चूक होते, कढईत असतानाच तो बदामी व्हायची वाट बघतात. बाहेर काढल्यावरही तो आतल्या गरम तेलानं मिनिटभर रंग धरत राहतो. सोनेरी झाला की उपस, कागदावर पसर, बदामी तो आपोआप होईल. कढईतच काळपट झाला तर सगळी बिर्याणी कडवट, आणि ते तुला अजाननंतरच कळणार. निम्मा कांदा चुरून चिकनच्या मुरवणीत, निम्मा थरांसाठी. तळणीचं तेल फेकू नकोस, चिकन त्यातच शिजव.

चिकन शिजवताना नाक आणि डोळे कामाला लाव. तेलात अख्खा मसाला फुलला की मुरवणीसकट चिकन घाल. पहिली पाच मिनिटं आच मोठी ठेव आणि हलवत रहा, नाहीतर दही फुटतं. मग मध्यम आच, झाकण. आधी कच्च्या लसणाचा उग्र वास येतो, डोळ्यांना झोंबतो. मग तो सरतो आणि एक गोडसर वास चालू होतो. कडेनं तेल सुटायला लागतं. मांडीच्या तुकड्यात सुरी खुपस, पाणी स्वच्छ आलं पाहिजे, गुलाबी नाही. वीस-पंचवीस मिनिटांत होतं. रस्सा पूर्ण आटवू नकोस. तुकडे अर्धे बुडतील एवढा ओला मसाला तळाशी राहायलाच हवा, कारण वरच्या भाताला वाफ तिथूनच मिळणार आहे.

तुझा वरचा भात टणक राहिला तो याच वाफेच्या तुटवड्यानं, आणि बहुधा अरुंद, उंच पातेल्यानं. भाताचा थर चार बोटांच्या वर गेला की वाफ वरपर्यंत पोचत नाही. रुंद, जाड बुडाचं पातेलं घे. सासूबाईंकडं पितळी असेल तर उत्तम, पण आधी आत कल्हई बघ. कल्हई गेलेल्या पितळेत दह्याचा मसाला कळकतो आणि तो खाण्यालायक राहत नाही.

तांदूळ बासमती, जुना, निदान वर्षभर मुरलेला. लक्ष्मीपुरीत ओळखीच्या दुकानदाराला "जुना दे" म्हटलं की तो देतो. नवा असेल तर दाणे एकमेकांना चिकटतात. इथं मला कुणीतरी नेहमी आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचं विचारतं. घनसाळचा वास लाख मोलाचा, त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन आहे, माझ्या घरी खिचडीला आणि दूधभाताला तोच लागतो. पण दाणा आखूड आणि मऊ, दमाच्या थरात त्याचा गोळा होतो. त्याचा पुलाव कर, बिर्याणी नको.

तांदूळ धुऊन अर्धा तास भिजव. चार लिटर पाणी खळखळा उकळू दे, त्यात मोजलेलं मीठ, थोडे शहाजिरे, चमचाभर तेल. तांदूळ टाकल्यावर पाणी शांत होतं. परत उकळी फुटली की तिथून वेळ मोज. चौथ्या मिनिटाला एक दाणा काढ आणि अंगठा-तर्जनीत दाब. सपाट पिठासारखा पसरला तर उशीर झाला. नुसताच दोन तुकडे होऊन टचकन मोडला तर अजून कच्चा. तीन तुकडे व्हावेत, कडा मऊ आणि मधे बारीक पांढरी कणी बोटाला टोचावी. तिथंच उपस. माझी बोटं हे डोळे मिटून ओळखतात, तुझीही चौथ्या-पाचव्या बिर्याणीला ओळखतील. इफ्तारला भात झाकणाखाली जरा जास्तच वेळ बसणार आहे, तेव्हा मनात शंका आली तर लवकर उपसण्याच्या बाजूनं चूक. आणि उपसलेला भात चाळणीत थंडावत ठेवू नकोस, वाफाळता असतानाच थेट चिकनवर पसर. गार झालेला दाणा दमात पुन्हा उमलत नाही.

थराचं फार अवडंबर नको. चिकन खाली, त्यावर निम्मा भात, तळलेला कांदा, पुदिना-कोथिंबीर, मग उरलेला भात, वर केशराचं दूध आणि दोन चमचे तूप. एक इथलीच युक्ती सांगते. बाहेर अळणी म्हणजे बिनमिठाचं, पण कोल्हापुरात मटण-चिकन उकळलेलं पाणी म्हणजे अळणी, पांढऱ्या रश्श्याचा पाया. चिकनची मान, पाठीची हाडं वेगळी काढून आधी अळणी करून ठेव. दमाला लावताना तिची अर्धी वाटी, गरम, कडेकडेनं भातावर फिरव. वाफेचा हिशेब चुकला असेल तर तो तिथं भरून निघतो, आणि उरलेली अळणी मिरपूड घालून रोजा सोडताना प्यायला फार बरी वाटते.

झाकण कणकेनं लिंप. पाच मिनिटं थेट मध्यम आचेवर, मग पातेल्याखाली जाड तवा सरकव आणि आच बारीक कर. वीस मिनिटं. झाकणावर ओलं बोट टेकवलं की चर्र झालं पाहिजे, म्हणजे वाफ वरपर्यंत आली. कणकेच्या फटीतून मसाल्याचा वास घरभर होईल तो बरोबर. त्यात भाजल्याचा सूर लागला की तिथंच गॅस बंद कर, वेळ झाली असो की नसो, पातेल्यातल्या उष्णतेवर पुढचं काम होतं. मग अजान, नमाज. मधेच कणीक फोडून डोकावणारा एक दीर प्रत्येक घरात असतो, त्याला आधीच ताकीद दे.

उघडल्यावर ढवळायचं नाही. उलथनं कडेनं सरळ तळापर्यंत घाल आणि एका बाजूनं उचल, म्हणजे पांढरा, पिवळा, मसाल्याचा असे तिन्ही भात ताटात येतात. सोबत कांद्याचं दही पुरे. दालचा, म्हणजे मटण घातलेली डाळ, लग्नात शोभतो, रोज्याच्या दिवशी कोण करणार. पहिलं ताट शेजारी पाठव, आधी वार विचारून. तळाला पातळ, तपकिरी खरवड धरली असेल तर ती करपणं नव्हे. आमच्याकडं ती रांधणारीची, अब्बा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

उरलेली बिर्याणी पातेल्यात रात्रभर ठेवू नकोस. शिजलेल्या भातात उबेत असे जंतू वाढतात की त्यांनी सोडलेलं विष नंतर कितीही गरम करून जात नाही. जेवणं आटोपली की परातीत पसरून गार कर आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाक. दुसऱ्या दिवशी खायची तर पाण्याचा हबका मारून वाफ निघेपर्यंत गरम कर, आणि एकदाच. सहेरीला, म्हणजे पहाटे रोजा धरण्याआधीच्या जेवणाला, मात्र ती खाऊ नका. मीठ-मसाल्यानं दुपारी दोनपासून घसा सुकतो, माझ्या धाकट्या भावानं हे तीन वर्षं करून बघितलं आणि तिन्ही वर्षं तो मलाच बोल लावत बसला.

येत्या शुक्रवारी करणार असशील तर कांदा गुरुवारी रात्रीच तळून घट्ट डब्यात भरून ठेव, अर्धा तास तिथंच वाचतो.